सरकारने गंगाजळीत बिटकॉइन ठेवावं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा

चौकस_बाई

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. परकीय चलनाच्या गंगाजळीचा भाग चालू होता. डॉलर, युरो, सोनं सगळं सांगून झालं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, सोनं व्याज देत नाही, बिटकॉइनही देत नाही. मग सोनं चालतं तर ते का चालत नाही?" मी म्हटलं, भाव फार वरखाली होतो. तर म्हणे, "सोन्याचापण होतो की." पुढच्या तासाला सविस्तर बोलू म्हणून वेळ मारून नेली. आता तो पुढचा तास जवळ आलाय.

थोडं वाचलं. ६ मार्च २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढून बिटकॉइनचा राष्ट्रीय राखीव साठा उभा केला. त्याआधी जानेवारीत झेक नॅशनल बँकेचे गव्हर्नर आलेश मिख्ल यांनी आपल्या साठ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत बिटकॉइन घेण्याची कल्पना मांडली होती. त्यावर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षा क्रिस्तीन लगार्द यांनी लगेच सांगितलं की राखीव साठा सुरक्षित हवा आणि चटकन विकता येण्याजोगा हवा. स्वित्झर्लंडची मध्यवर्ती बँकही नको म्हणते. म्हणजे ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे त्यांचंही एकमत नाही.

मला कळून घ्यायचंय ते असं. सरकारनं पैसे मोजून बिटकॉइन विकत घेणं आणि गुन्हेगारांकडून जप्त झालेलं न विकता ठेवून देणं, या दोन्ही गोष्टी एकच समजायच्या का? ठेवायचं झालं तर ते सरकारी खजिन्यात की मध्यवर्ती बँकेत? आणि त्या मुलाच्या सोन्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर काय?

"फुगा आहे" किंवा "हेच भविष्य आहे" एवढ्यावर कृपया थांबू नका. तेवढं वर्गातली मुलंही सांगतात.

ब्लॉकवाला

बाई, तुमच्या विद्यार्थ्याला माझा नमस्कार सांगा. पोरगं पुढे जाणार.

बिटकॉइन एकूण २ कोटी १० लाखांच्या वर निघणारच नाही. एप्रिल २०२४ पासून दर ब्लॉकमागे (म्हणजे बिटकॉइन व्यवहारांच्या जाहीर वहीच्या दर नव्या पानामागे) फक्त ३.१२५ नवी नाणी येतात, साधारण चार वर्षांनी त्याच्याही निम्मी येतील. सोन्याचा भाव वाढला की बंद पडलेल्या खाणीही पुन्हा चालू होतात. इथे भाव दसपट झाला तरी एक नाणं जास्त निघत नाही. डॉलरबद्दल तर बोलायलाच नको.

पण माझ्या मते खरा मुद्दा फेब्रुवारी २०२२ चा आहे. रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली. त्याच्या आदल्या वर्षी तालिबान काबूलमध्ये आले आणि अफगाणिस्तानचे न्यूयॉर्कमधले सुमारे ७ अब्ज डॉलर अडकून पडले. व्हेनेझुएलाचं सोनं बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरात आहे, त्यावर वर्षानुवर्षं लंडनच्या कोर्टात भांडण. त्या त्या राजवटी चांगल्या होत्या असं मी म्हणत नाही. पण तुमची गंगाजळी ही दुसऱ्याच्या वहीतली एक नोंद असेल, तर ती तुमची किती? बिटकॉइनच्या किल्ल्या (ते खर्च करायचे गुप्त आकडे) स्वतःकडे असतील तर ते कुणाचा बाप गोठवू शकत नाही.

आणि जर्मनी बघा. सॅक्सनी राज्यानं जून-जुलै २०२४ मध्ये जप्तीतली ४९,८५८ नाणी विकून टाकली, २.६४ अब्ज युरो मिळाले. त्याच डिसेंबरात भाव एक लाख डॉलरच्या वर. पाच महिने थांबले असते तर दुपटीच्या आसपास पैसे आले असते. बँकवाले याला सावधपणा म्हणतात!

तिरकस

नोव्हेंबर २०२१ ला ६९ हजार डॉलर, नोव्हेंबर २०२२ ला १६ हजारांच्या खाली. त्या वर्षी कुणा सरकारला "जरा थांबा" असा सल्ला दिला असतात तर आज हा प्रतिसाद लिहायला आला नसतात.

बाकी चालू द्या. डीलरकाका दिसत नाहीत अजून?

निवृत्त_डीलर

आलो. जन्म एका बँकेच्या फॉरेक्स डीलिंग रूममध्ये गेला. चलन पडायला लागतं तेव्हा मध्यवर्ती बँक काय करते हे पलीकडच्या फोनवर बसून पाहिलंय, म्हणून लिहितो. लांबेल, चहाटळपणाही होईल, सांभाळून घ्या.

बाई, तुमच्या विद्यार्थ्यानं विचारलंय की ठेवायला काय हरकत आहे. आमच्या धंद्यात हा प्रश्न शेवटून सुरू करतात: विकायची पाळी येईल त्या दिवशी काय होईल? देशाची तेलाची, खतांची, औषधांची बिलं परकीय चलनात येतात. परदेशी कर्जाचे हप्ते त्यातच जातात. आणि परदेशी गुंतवणूकदार घाबरून निघाले की सगळ्यांना एकाच सकाळी डॉलर हवे असतात. त्या सकाळी मध्यवर्ती बँक डॉलर विकायला उतरते. साठ्यात जे काही असेल ते काही तासांत, मोठ्या रकमेनं आणि स्वतःच स्वतःचा भाव न पाडता विकता आलं पाहिजे, किंवा निदान गहाण तरी टाकता आलं पाहिजे. त्यावर नफा झाला तर उत्तम, पण नफ्यासाठी कुणी गंगाजळी ठेवत नाही.

आता ती सकाळ बहुधा उगवते कधी, तर जगभर घबराट असते तेव्हाच. १२ मार्च २०२० घ्या. कोविडनं बाजार कोसळत होते. त्या एका दिवसात बिटकॉइन एक तृतीयांशाहून जास्त पडलं. सोनंही पडलं, तुमचा विद्यार्थी बरोबर आहे, पण त्याला दहाएक दिवस लागले आणि घसरण साधारण बारा टक्क्यांची होती. त्या पंधरवड्यात तर अमेरिकी सरकारी रोख्यांचा बाजारसुद्धा आखडला होता, आम्ही स्क्रीनवर बघत होतो आणि विश्वास बसत नव्हता. फरक पुढे आहे. ज्या मध्यवर्ती बँकांकडे ते रोखे होते त्यांच्यासाठी फेडनं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, ३१ मार्चला खास सोय जाहीर केली: रोखे आमच्याकडे ठेवा, डॉलर घेऊन जा. सोन्यालाही असा दरवाजा जुना आहे. भारतानं १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवून ४० कोटी डॉलर उभे केले. ते सोनं विकावं लागलं नाही, पुढे सोडवून घेतलं.

बिटकॉइनच्या पोटी रातोरात पाच अब्ज डॉलर काढून देईल अशी मध्यवर्ती बँक मला दाखवा. व्यापारी बँकांकडे जायचं तर बँकांसाठी जागतिक मानकं ठरवणाऱ्या बासेल समितीच्या मानकात बिटकॉइनला १२५० टक्के जोखीमभार आहे. आठ टक्के भांडवलाच्या हिशेबानं गुणाकार करा: शंभराचं बिटकॉइन धरायचं तर शंभराचं भांडवल बाजूला. असा माल तारण म्हणून कोण घेईल, आणि कुठल्या भावानं?

दुसरी गोष्ट बाजाराच्या खोलीची. ब्लॉकवाले, तुमचंच जर्मनीचं उदाहरण घेतो. ५० हजार नाणी विकायला त्यांना तीनेक आठवडे लागले. सगळ्या जगाला त्यांचा बिटकॉइनचा पत्ता (खातेक्रमांकासारखा) माहीत, नाणी हलली की लोक मोजायला बसायचे. त्या दिवसांत भाव ६५ हजार डॉलरच्या आसपासून ५४ हजारांच्या खाली जाऊन आला. (माउंट गॉक्स या बुडालेल्या एक्स्चेंजच्या, म्हणजे बिटकॉइनच्या खरेदीविक्रीच्या बाजाराच्या, जुन्या घेणेकऱ्यांची नाणीही त्याच सुमारास सुटत होती, सगळं पाप सॅक्सनीच्या माथी मारू नये.) परकीय चलनाच्या बाजारात बीआयएसच्या (मध्यवर्ती बँकांच्या आंतरराष्ट्रीय बँकेच्या) २०२५ च्या पाहणीप्रमाणे रोजची उलाढाल ९.६ लाख कोटी डॉलर आहे. तिथे अडीच अब्जांची ऑर्डर आली तर डीलर एकदा मान वर करून बघतो आणि परत कामाला लागतो.

गोठवण्याचा मुद्दा खरा आहे, त्याला मी हसणार नाही. २०२२ पासून सलग तीन वर्षं जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दर वर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं, ते हौस म्हणून नव्हे. पण समजा निर्बंध बसलेल्या देशाकडे बिटकॉइन आहे आणि त्याला गहू हवाय. गहू विकणारा डॉलर मागेल, युरो मागेल, फार तर युआन. म्हणजे आधी ते बिटकॉइन कुणालातरी विकायचं. वही तर जगाला उघडी, कुठल्या पत्त्यावरून नाणी निघाली ते शाळकरी पोरही पाहू शकतं. अशी नाणी घेऊन अमेरिकेचा दंड अंगावर ओढवून घ्यायला कुठला मोठा एक्स्चेंज तयार होईल? लहान रकमा आडवाटेनं फिरवता येतात, उत्तर कोरियाचे हॅकर तेच करत आलेत. एका आख्ख्या देशाची आयात त्या आडवाटेनं भागत नाही. न गोठणं ही अर्धीच गोष्ट झाली, ते वापरता येणं ही उरलेली अर्धी. सोन्याचं तसं नाही का? थोडं तसंच आहे, पण सोनं विमानात घालून दुसऱ्या मध्यवर्ती बँकेकडे नेता येतं आणि ती बँक ते घेते.

आता मिख्लसाहेब. त्यांचा साठा सुमारे १४० अब्ज युरोंचा. पाच टक्के म्हणजे ७ अब्ज. २०२२ सारखी पाऊण हिश्शाची घसरण आली तर सव्वापाच अब्ज गेले, एकूण साठ्याच्या पावणेचार टक्के. त्यानं झेक प्रजासत्ताक बुडणार नाही. माणूस वेडा नव्हता, त्याच्याकडे गरजेपेक्षा पुष्कळ जास्त साठा आहे आणि जादाचा भाग तो गुंतवणूकदाराच्या डोक्यानं बघत होता. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या बँकेनं जे केलं ते मला फार आवडलं. दहा लाख डॉलरचा प्रायोगिक संच घेतला, तोही अधिकृत गंगाजळीच्या बाहेर: बिटकॉइन, एक डॉलरचा स्टेबलकॉइन (डॉलरशी भाव बांधलेलं डिजिटल नाणं) आणि एक टोकन स्वरूपातली, म्हणजे डिजिटल वहीत नोंदलेली, बँकठेव. हेतू हा की खरेदी कशी करतात, किल्ल्या कुठे ठेवतात, लेखापरीक्षक सही कशावर करतो, हे स्वतःच्या हातानं कळावं. एवढं प्रत्येक मध्यवर्ती बँकेनं करायला माझी ना नाही.

ज्या देशाकडे जेमतेम तीन महिन्यांच्या आयातीपुरता साठा आहे, त्याला मात्र हे पाच टक्के परवडत नाहीत. आणि ही कल्पना गळ्यात मारायला लोक नेमके अशाच देशांकडे जातात, हे बघून चीड येते.

ब्लॉकवाला

काका, अभ्यासपूर्ण आहे, दंडवत. पण एवढी सगळी थिअरी सांगताना एल साल्व्हादोर सोयीस्करपणे सुटलं? २०२१ पासून घेतायत, सगळ्या जगानं वेड्यात काढलं, २०२५ मध्ये सहा हजारांवर नाणी होती आणि सरासरी खरेदीभावाच्या कितीतरी वर होती. भूतान तर बँकवाल्यांना माहीतच नसतं.

निवृत्त_डीलर

सुटलं नव्हतं, तुम्ही काढाल म्हणून ठेवलं होतं.

सप्टेंबर २०२१ ला बिटकॉइन तिथे कायदेशीर चलन झालं. प्रत्येक नागरिकाला सरकारी चिवो वॉलेटमध्ये ३० डॉलरचं बिटकॉइन फुकट मिळालं. कागदावर नफा झाला, नाकारत नाही. पण डिसेंबर २०२४ मध्ये, बिटकॉइन लाखाला टेकलेलं असताना, म्हणजे त्यांच्या साठ्याची किंमत सुमारे ६० कोटी डॉलर असताना, ते सरकार कुठे उभं होतं? नाणेनिधीच्या दारात, १.४ अब्ज डॉलरच्या कर्जासाठी. तोवरच्या सगळ्यात चढ्या भावातही त्यांनी ते विकून गरज भागवली नाही, कर्ज काढलं. त्या कर्जाच्या अटीपायी जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलला, बिटकॉइन स्वीकारणं ऐच्छिक झालं, कर बिटकॉइनमध्ये भरण्याची सोय गेली. गरजेच्या वेळी जी हात लावायची नसते ती गुंतवणूक म्हणून भले चांगली असेल, पण गंगाजळीचं काम तिनं केलं नाही. अवांतर: सरकार रोज एक नाणं घेतल्याचं मिरवत होतं आणि नाणेनिधीच्या २०२५ च्या अहवालात सार्वजनिक क्षेत्राचा साठा वाढलेला नव्हता. कुणाचं खरं मानायचं ते तुम्ही ठरवा.

भूतान वेगळं आहे आणि त्यांना माझा सलाम. उन्हाळ्यात नद्या फुगतात तेव्हा लागेल त्यापेक्षा जास्त वीज तयार होते. ती साठवता येत नाही. द्रुक होल्डिंग ही सरकारी कंपनी त्या विजेवर बिटकॉइन काढते. म्हणजे त्यांनी तिजोरीतले डॉलर देऊन बिटकॉइन घेतलं नाही, विजेची निर्यात दुसऱ्या रूपात केली. आणि मुख्य म्हणजे ते विकतात. २०२३ मध्ये त्यातलं काही विकून सरकारी नोकरांच्या पगारवाढीला पैसा उभा केला. इतक्या सरळपणे या प्रकाराकडे बघणारं दुसरं सरकार मला तरी दिसत नाही.

कलमबहाद्दर

वकिली करते, आर्थिक गुन्ह्यांची. बाईंच्या जप्तीच्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही, म्हणून थोडंसं.

सरकारांकडे आज जे बिटकॉइन आहे त्यातलं बहुतेक विकत घेतलेलं नाही, पकडलेलं आहे. अमेरिकेचं बघा: सिल्क रोड या अमली पदार्थांच्या ऑनलाइन काळ्या बाजाराच्या प्रकरणातली नाणी, नोव्हेंबर २०२० मध्ये मिळालेली ६९ हजारांवर आणि पुढच्या वर्षी आणखी ५० हजारांवर. फेब्रुवारी २०२२ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधल्या चोरीतली ९४ हजारांहून जास्त. ब्रिटिश पोलिसांकडे एकाच फसवणुकीच्या प्रकरणातली ६१ हजार.

पकडलं म्हणजे सरकारचं झालं असं होत नाही. आधी जप्ती, मग कोर्टाचा अंतिम आदेश, मग ज्यांचं लुटलं गेलं त्यांचा हक्क. बिटफिनेक्सची नाणी एक्स्चेंजला परत द्यावीत असं अमेरिकी सरकारी वकिलांनीच कोर्टात म्हटलं. मार्च २०२५ च्या आदेशातही पीडितांना परत द्यायचं ते बाजूला ठेवलंय. त्यामुळे "अमेरिकेकडे सुमारे दोन लाख बिटकॉइन" हा आकडा जो तेव्हा सगळीकडे फिरत होता, तो ताब्यात असलेल्यांचा, मालकीच्या नाण्यांचा नव्हे. ब्रिटनच्या ६१ हजारांत तर खरी गुंतागुंत आहे. लुबाडले गेलेले लोक चीनमधले, एक लाखाहून जास्त. त्यांनी पैसे गमावले तेव्हाचा भाव आणि आजचा भाव यात जमीनअस्मानाचा फरक. मधली वाढ कुणाची, पीडितांची की ब्रिटिश खजिन्याची? माझं मत पीडितांच्या बाजूनं आहे, पण कायदा तितका स्पष्ट नाही.

सॅक्सनीवर सगळे तुटून पडतात म्हणून सांगते. खटला संपलेला नव्हता. तिथल्या नियमाप्रमाणे जप्त वस्तूची किंमत दहा टक्के किंवा जास्त घसरण्याचा धोका असेल तर ती विकावीच लागते. बिटकॉइनला तो धोका रोजचाच. सरकारी वकिलानं "भाव वाढेल, थांबू" असं म्हणणं म्हणजे आरोपीच्या मालावर सट्टा खेळणं झालं असतं. भाव पडला असता तर हेच लोक त्याला फाडून खायला आले असते.

किल्लीदार

सिक्युरिटीवाला आहे, कामच किल्ल्यांचं. डीलरसाहेबांनी जाता जाता किल्ल्यांचा उल्लेख केला. मला तोच सगळ्यात अवघड भाग वाटतो.

सोन्याच्या तिजोरीत चोर शिरला तरी टनभर सोनं घेऊन पळताना दमतो. इथे ज्यातून किल्ली बनते तो बारा-चोवीस शब्दांचा संच ज्याच्या हाती, त्याचं सगळं. म्हणून मल्टिसिग करतात: समजा सात अधिकारी, त्यातल्या पाच जणांच्या सह्या झाल्या तरच व्यवहार. ऐकायला छान. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्स्चेंजचे जवळपास दीड अब्ज डॉलरचे इथर (बिटकॉइनसारखंच दुसरं चलन) गेले, ते अशीच अनेक सह्यांची पद्धत असताना. सह्या करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्याच व्यवहारावर होत होती. एफबीआयनं बोट दाखवलं उत्तर कोरियाकडे. देशाची गंगाजळी असेल तर समोर भुरटे हॅकर नसतील, दुसरी सरकारं असतील, आणि चुकीचा व्यवहार उलटवायला कुणाला फोन करायची सोय नाही.

सरकार बदललं की काय? सात किल्लीवाल्यांपैकी तिघांची बदली, एक निवृत्त, एक नव्या मंत्र्याच्या मर्जीतून उतरलेला. प्रत्येक वेळी नवीन किल्ल्या करून सगळा साठा नव्या पत्त्यावर हलवायचा, आणि हलवतानाच धोका जास्त.

पत्ते जाहीर करावेत का यावर आमच्यात दोन तट आहेत. एल साल्व्हादोरनं ऑगस्ट २०२५ मध्ये सगळा साठा एका पत्त्यावरून चौदा पत्त्यांवर वाटला, एका पत्त्यावर जास्तीत जास्त पाचशे. कारण दिलं क्वांटम कॉम्प्युटरचं, म्हणजे ते पुढेमागे किल्ल्या फोडतील या भीतीचं. तो धोका आजचा नाही, पण ज्या पत्त्यावरून एकदा खर्च झालाय त्याची सार्वजनिक किल्ली उघडी पडते हे खरं, त्यामुळे वाटून ठेवणं शहाणपणाचंच. पत्ते सांगितल्यामुळे लोकांना साठा मोजता येतो, ही बिटकॉइनची एकमेव गोष्ट जी सोन्याला जमत नाही. अमेरिकेच्या सोन्याच्या कोठारात, फोर्ट नॉक्समध्ये, जाऊन विटा मोजायला तुम्हाला कोण देणार?

चौकस_बाई

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. एकच शंका राहिली. अमेरिकी आदेशात म्हणे करदात्यांवर बोजा न टाकता आणखी बिटकॉइन घेण्याच्या वाटा शोधायला सांगितलंय. फुकटात कसं घेणार? मुलं हे विचारणार म्हणजे विचारणार.

निवृत्त_डीलर

वाट आधीपासून कागदावर आहे. सिनेटर सिंथिया लुमिस यांचं विधेयक बघा. पाच वर्षांत दहा लाख बिटकॉइन घ्यायची आणि निदान वीस वर्षं धरून ठेवायची. पैसे आणायचे सोन्याच्या हिशेबवहीतून.

अमेरिकेकडे ८,१३३ टन सोनं आहे. सरकारी पुस्तकात ते अजून औंसाला ४२.२२ डॉलर या १९७३ च्या भावानं लिहिलंय, एकूण ११ अब्ज डॉलर. बाजारात मार्च २०२५ मध्ये औंसानं ३,००० डॉलर ओलांडले, म्हणजे तेच सोनं साडेसातशे अब्जांच्या वर. या सोन्याच्या पोटी ट्रेझरीनं (सरकारी खजिन्यानं) फेडला जुन्या भावाची प्रमाणपत्रं देऊन ठेवलीत. ती परत घ्यायची, नव्या भावाची द्यायची आणि मधला फरक फेडनं ट्रेझरीच्या खात्यात जमा करायचा. सोन्याची एक वीट जागची हलत नाही आणि खात्यात शेकडो अब्ज येतात. नवा कर नाही, नवं कर्ज नाही, हे शब्दशः खरं आहे. पण फेडनं ते पैसे आणले कुठून? निर्माण केले. डॉलर वारेमाप छापतात म्हणून ज्या नाण्याची महती गायची, ते घेण्यासाठी डॉलर छापायचे! ब्लॉकवाले, यावर तुमचं मत ऐकायला आवडेल.

खजिना की मध्यवर्ती बँक, हेही विचारलं होतंत. मध्यवर्ती बँकेत नको. तिच्या साठ्यावर चलनाची पत उभी असते. जप्तीतलं खजिन्यात ठेवायचं असेल तर ठेवा, पण विक्रीचं वेळापत्रक आधी जाहीर करा आणि मंत्र्याला त्यात ढवळाढवळ करू देऊ नका. मंत्र्याच्या एका वाक्यानं भाव हलतो आणि ते वाक्य कधी येणार हे त्याच्या मित्रांना आधी माहीत असतं. यात बिटकॉइनचा दोष काही नाही.

ब्लॉकवाला

लुमिसबाईंच्या विधेयकाबद्दल आमच्याकडेही भांडणं आहेत, काका. दहा लाख म्हणजे एकूणातल्या वीस नाण्यांमागे जवळपास एक, एकाच सरकारच्या हातात. मग नियम बदलायला दबाव येणार नाही कशावरून? मला देशांनी थोडंथोडं ठेवलेलं हवंय, एकानं ढीग केलेला नकोय. बाकी गोठवण्याच्या मुद्द्यावर मी ठाम. आज गहूवाला बिटकॉइन घेत नाही, दहा वर्षांनी घेणारच नाही हे तुम्हीही सांगू शकत नाही.

निवृत्त_डीलर

नाही सांगू शकत. घ्यायला लागला की मग आपण टक्क्यांचं बोलू.

चौकस_बाई

डीलरसाहेब, मार्च २०२० चा आणि जर्मनीचा परिच्छेद छापून वर्गात वाटला तर चालेल का? आणि किल्लीदार, तुमचा बायबिटचा पण.

किल्लीदार

खुशाल.

निवृत्त_डीलर

वाटा की. फक्त ९.६ लाख कोटींचा आकडा एका दिवसाचा आहे, वर्षाचा नव्हे, हे दोनदा सांगा. बँकेत नव्यानं आलेली पोरंही तिथे गडबडायची.